आमच्या आधी निघालेलं गाठोडं

आमच्या नेपाळच्या सहलीला आमचं गाठोडं आमच्या चार दिवस आधी निघालं. एकटंच.

यात गाठोड्याचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो अकरा वर्षं जुना होता. मी ग्वाल्हेरला सरकारी खात्यात पाइपलाइनींचे नकाशे काढतो. नई सडकच्या खालून कुठली लाइन कुठे वळते हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. (आमचं घर जिथे आहे त्या दाना ओलीची लाइन तर डोळे मिटून काढून दाखवीन!) अशा माणसाच्या डोक्यात अकरा वर्षांपूर्वी एक कल्पना आली, की घरच्या गाडीने नेपाळला जावं. सुनौलीची सीमा ओलांडायची, डोंगरातल्या रस्त्याने पोखऱ्याला पोचायचं आणि समोर अन्नपूर्णेची शिखरं बघायची. दुसरा कोणी असता तर गाडीत बसून निघाला असता. मी फाइल उघडली.

फाइलीत काय नव्हतं! ट्रेसिंग पेपरवर काढलेला अख्खा रस्ता होता, त्यावर प्रत्येक पेट्रोल पंप होता, प्रत्येक वळण होतं, आणि ज्या वळणांवर केतकीला, म्हणजे आमच्या मुलीला, मळमळेल अशी शंका होती ती वळणं हिरव्या शाईने दाखवली होती. दर वर्षी सहल ठरायची आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी केतकीची बोर्डाची परीक्षा, कधी गाडीचा क्लच, एका वर्षी तर तिकडे रस्ता रुंद करताहेत असं वाचलं म्हणून मी थांबलो. रुंद झाल्यावर सगळी वळणं पुन्हा काढावी लागली! केतकी आठ वर्षांची होती ती एकोणीसची झाली, तिची मळमळ केव्हाच थांबली, फाइल मात्र जाड होत गेली.

"तुम्ही नेपाळला जाऊच नका," माझी बायको शुभा म्हणायची. "फाइल पाठवून द्या. तेच लोक वाचून इकडे येतील."

या सगळ्यात आईने कधी तोंड उघडलं नाही. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पस्तीस वर्षं तिने मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. दर जुलैला फळ्यावर हिमालय काढायचा, त्यातून नद्या सोडायच्या, आणि तास संपला की डस्टरने सगळा पुसून टाकायचा. स्वतः तिने बर्फ पाहिला तो फक्त आमच्या फ्रीजमधला. गेल्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या डोळ्याला दिसेनासं झालं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा डोळा गेला, दुसऱ्याच्या पडद्यालाही तेच होतंय, हळूहळू होईल, पण किती हळू ते सांगता येत नाही. जे दाखवायचं ते लवकर दाखवा.

मी घरी आलो आणि काय केलं? फाइलीत 'वृद्धांची काळजी' नावाचा नवा विभाग उघडला.

आईला मी काही बोललो नव्हतो, पण पस्तीस वर्षं मुलींचे चेहरे वाचलेल्या बाईला सांगावं काय लागतं? दसऱ्यानंतर एका सकाळी ती पंचांग घेऊन माझ्यासमोर बसली. (भूगोल शाळेसाठी, पंचांग घरासाठी, अशी तिची पहिल्यापासूनची वाटणी आहे.)

"विनू, तुझी रजा केव्हापासून?"

"शनिवारपासून. दहा दिवस. मंजूर आहे."

"शनिवारी पूर्वेला दिशाशूल. निघायचं नसतं. मुहूर्त बुधवारी दहा चाळीसचा आहे."

"आई, नेपाळ उत्तरेला आहे."

झालं! माझ्या तोंडून हे वाक्य गेलं आणि मला एकदम आठवीच्या वर्गात उभं केल्यासारखं झालं. "पोखऱ्याचे अक्षांश सांग. रेखांश सांग. आपले सांग. आता वजाबाकी कर. दोन अंश उत्तरेला आणि सहा अंश पूर्वेला. मग नेपाळ कुठे?"

"पूर्वेला," मी म्हणालो. "पण बुधवारी मला रजा नाही."

"तुला नको. प्रस्थान ठेवू."

ज्यांच्या घरात ही पद्धत आता उरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुहूर्त एका दिवशी आणि सोय दुसऱ्या दिवशी असं झालं, की मुहूर्तावर आपलं थोडं सामान एका फडक्यात बांधायचं, त्यात अक्षता, सुपारी, हळकुंड घालायचं आणि जायचंय त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास सुरू झाला असं धरतात. मग आपण सवडीने निघायचं आणि जाताना गाठोडं उचलायचं. नियम दोनच. पाच दिवसांच्या आत निघायचं आणि एकदा ठेवलेलं प्रस्थान माघारी घरी आणायचं नाही.

आमच्या पूर्वेला मुरार, आणि मुरारला सदामामा, आईचा धाकटा भाऊ. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. आईने तिची इरकली साडी काढली, पिवळ्या फडक्यावर ठेवली आणि म्हणाली, "प्रस्थानात अशी वस्तू घालायची की जिच्यावाचून प्रवास होणार नाही. तुझं काय घालतोस?"

मी विचार केला. तर्कशुद्ध विचार केला. जिच्यावाचून प्रवास होणार नाही अशी वस्तू कोणती? आणि मी फाइल घातली! सगळी. नकाशा, गाडीची मूळ कागदपत्रं, मतदार कार्डं. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं, आधार चालत नाही, ही माहिती फाइलीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवली होती.

"अहो, झेरॉक्स तरी काढून ठेवा," शुभा म्हणाली.

"काढल्यात. फाइलीत आहेत."

आईने गाठोड्याला पाच गाठी मारल्या, बुधवारी दहा चाळीसला मी ते सदामामाच्या देव्हाऱ्याखाली ठेवलं, आणि ऑफिसला पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो.

गुरुवारी संध्याकाळी मी फोनवर पोखऱ्याचं हवामान बघितलं. सोमवारपर्यंत ढग! नुसते ढगच ढग. मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि शांतपणे जाहीर केलं, की सहल फक्त पंधरा दिवस पुढे ढकलू. रजा रद्द करायचा अर्ज सोमवारी देतो.

"बाबा, यार, आप भी ना!" केतकी ओरडली. "मी तर पॅकिंग पण करून टाकली! पूरे कॉलेज में बोल दिया आहे मी!"

शुभाने पिशवीत भरलेले लोकरी मोजे बाहेर काढून ठेवले. आई उठली, भिंतीला हात लावत लावत आत गेली. दार लोटताना म्हणाली, "पंधरा दिवस काय, काही नाही. बघ तुझ्या सोयीनं." मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहायला हवं. लागली. इतकंच, की तिचा भिंतीवरचा हात डोळ्यांसमोरून जाईना.

शुक्रवारी मी मामाला फोन केला. फाइलीतल्या तारखा बदलायच्या होत्या.

"मामा, गाठोडं न्यायला येतोय."

"कुठलं गाठोडं?"

"आमचं प्रस्थान!"

"ते गेलं."

"गेलं म्हणजे? कुठे गेलं?"

"इटाव्याला. आमचे व्याही आले होते ना, त्यांच्याबरोबर पाठवून दिलं. तू तर निघून नाही राहिलास म्हणे. मग काय करणार? प्रस्थान एका जागी पडून राहिलेलं चांगलं नसतं."

"मग परत आणून द्यायचं होतं ना मामा!"

मग सुभेदारांचा आवाज आला. "विनायक. प्रस्थान माघारी? माझ्या हातून? फौजेत निघालेलं सामान परत नाही येत. सामान आगे बढ़ता है. समझे?"

मी समझलो. इटावा म्हणजे भिंडच्या पुढे, चंबळ ओलांडली की आलंच. रविवारी सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत, असं मी वेळापत्रक केलं. एकटाच जाणार होतो, पण गाडी काढली तर तिघी दारात उभ्या!

"आम्ही पण येतो. चंबळचा पूल बघून घेऊ," शुभा म्हणाली. हातात दशम्यांचा डबा होता. डबा मोठा होता. केतकीच्या पाठीवर बॅग होती, शुभाच्या खांद्याला दोन. आणि आईने ऑक्टोबरच्या उन्हात अंगात स्वेटर घातला होता.

"आई, स्वेटर?"

"इटाव्याला गार असतं."

"आई, इटाव्याला आपल्यापेक्षा जास्त गरम असतं. तूच शिकवलंस."

"अभ्यासक्रम बदलला आता," असं म्हणून ती पुढच्या सीटवर बसली. या सगळ्यावरून ज्याला काहीच शंका आली नाही असा माणूस सरकारी नकाशे काढतो, हे देशाचं नशीब.

भिंडच्या अलीकडे पोलिसांनी गाडी थांबवली. कागद दाखवा. कागद कुठे होते? प्रस्थानाला गेले होते! मी हवालदारसाहेबांना समजावू लागलो, की आमच्यात एक पद्धत आहे, मुहूर्तावर थोडं सामान पुढे जातं, तर गाडीचे कागद आमच्या आधी गेलेत. ते माझ्याकडे बघत राहिले. "मतलब गाड़ी पीछे है, कागज़ आगे हैं?" तेवढ्यात मागून केतकीने हात लांब करून फोनवर गाडीचे सगळे कागद दाखवले. सरकारी, अधिकृत, दोन मिनिटांत.

"हे केव्हापासून होतं तुझ्याकडे?"

"बाबा, हे सगळ्यांकडे असतं."

इटाव्याला व्याह्यांनी दारातच आमचं स्वागत केलं. हात जोडलेले, चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं तेज. मी म्हटलं, "गाठोडं?"

"अहो, काळजीच करू नका! पुढे गेलं!"

"पुढे?"

"लखनौला. आमचा मुलगा नोकरीला तिकडेच ना, काल गेला, त्याच्याजवळ दिलं. दोन दिवस आमच्याकडे होतं तर रोज हळदकुंकू वाहिलं. आणि तुम्हाला म्हणून लोणच्याची बरणी पण बांधून दिली आहे त्यात."

माझ्या फाइलीत लोणचं! मी खुर्चीवर बसलो. शुभा म्हणाली, "आता इतके आलोच आहोत तर लखनौ काय, एक्स्प्रेस वे आहे. तीन तास." केतकी म्हणाली, "हां बाबा, चलो ना, फिर वापस." आई स्वेटरची बटणं लावत होती.

व्याह्यांच्या मुलाने गाठोडं जिथे पोचवलं होतं, तो लखनौचा पत्ता होता डॉक्टर शाहीन यांचा. दार उघडलं. पन्नाशीच्या बाई, गळ्यात अजून स्टेथोस्कोप. त्यांनी आईला पाहिलं आणि शाळेतल्या मुलीसारखे एकदम दोन्ही हात मागे बांधून सरळ उभ्या राहिल्या! मग भानावर येऊन वाकल्या.

"बहनजी!"

"शाहीन," आई म्हणाली. तिने आपला चांगला डोळा बारीक करून तिच्याकडे बघितलं. "राप्ती कहाँ से निकलती है?"

"नेपाल से, बहनजी."

"बैठो."

त्या रात्री शाहीनताईंनी आम्हाला दुधीची भाजी, अरहरची डाळ आणि फुलके असं जेवण वाढलं, आईला चालेल ते विचारून केलेलं. जेवता जेवता मी गाठोड्याचं विचारलं. आता उत्तराची मला सवय झाली होती.

"वह तो आज सुबह नौतनवा निकल गया, भैया. बॉर्डर के पास जो लॉज है, वहाँ. बस वाले पहचान के हैं. मैंने एक शॉल भी रख दी है बहनजी के लिए. जैसा बहनजी ने फ़ोन पर बताया था, बिल्कुल वैसे ही किया. रोज़ तो पूछती थीं, कहाँ पहुँचा, कहाँ पहुँचा."

माझा घास हातातच राहिला. मी शुभाकडे बघितलं, ती डाळीत लिंबू पिळत होती. केतकी ताटात बघून हसत होती. म्हणजे ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत होती! मुरारला, इटाव्याला, लखनौला, एका बसवाल्याला सुद्धा!

जेवणानंतर मी आईजवळ जाऊन बसलो. चिडायचं ठरवून बसलो होतो.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? गाठोडं पुढे पाठवलं. तू माझ्यासाठी नाही तर फाइलीसाठी तरी निघशील, हे मला माहीत होतं."

"मी काय मुद्दाम ढकलत होतो का?"

ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुला भीती वाटते रे विनू. तुला वाटतं, आईला डोंगर दाखवला की मग तिचं बघणं संपलं. म्हणून तू तारीख पुढे पुढे नेतोस. तारीख पुढे नेऊन डोळा थांबतो का?"

खरं होतं ते. अकरा वर्षांतली दहा वर्षं मी आळशी होतो, पण या शेवटच्या वर्षात मी फक्त घाबरलेला होतो, आणि हे मला स्वतःला सुद्धा कळलं नव्हतं. आई म्हणाली, "मला वाईट नाही वाटत. मला घाई आहे, एवढंच." मग उशी नीट करून झोपली सुद्धा.

सोमवारी दिवसभर गाडी चालवून नौतनवाला पोचलो. लॉजच्या काउंटरवर गाठोडं होतं! पण ते आमचं गाठोडं आहे हे आधी ओळखूच आलं नाही. निघताना उशीएवढं होतं, आता बारशाच्या पाळण्याएवढं झालं होतं. प्रत्येक घराने आपली भर घातली होती. मामाची फौजी पाण्याची बाटली, इटाव्याचं लोणचं, शाहीनताईंची शाल, शिवाय कोणीतरी घातलेली माकडटोपी, जिची जबाबदारी आजवर कोणी घेतलेली नाही. आणि सगळ्यात खाली माझी फाइल. मी ती छातीशी धरली. तेल लागलं होतं थोडं, पण ठीक होती.

मंगळवारी सकाळी फोनवर हवामान बघितलं. पोखऱ्याला बुधवार आणि गुरुवार लख्ख ऊन, शुक्रवारपासून पुन्हा ढग. दोन दिवस! मी सगळ्यांना सहाला उठवलं. सातला आम्ही सीमेच्या कमानीखाली होतो.

गाडी शुभाच्या नावावर आहे, त्यामुळे पलीकडच्या खिडकीवर गाडीचा परवाना तिच्याच नावाने झाला. तिथल्या साहेबांनी गाठोडं उघडून बघितलं. साडी, तांदूळ, सुपारी, हळकुंड, लोणचं.

"ये क्या है?"

मी घसा साफ करून प्रस्थान समजवायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला साहेब हसले. "अरे, साइत, मतलब मुहूर्त निकाला है! हमारे यहाँ भी करते हैं. हमारी माँ तो आज भी पड़ोसी के घर रखवाती हैं." त्यांनी आईला नमस्कार केला, गाठोडं स्वतःच्या हाताने परत बांधून दिलं. इतकं चांगलं चाललं होतं, की मला शंका यायला हवी होती.

"सबका कार्ड दिखा दीजिए."

मी ऐटीत फाइल उघडली. आईचं कार्ड. शुभाचं कार्ड. केतकीचं कार्ड.

माझं नव्हतं.

मी पाकीट उलटं केलं. फाइल उलटी केली. लोणच्याच्या बरणीखाली बघितलं. मग आठवलं. गेल्या मंगळवारी, म्हणजे प्रस्थानाच्या आदल्या दिवशी, मी विचार केला होता, की सगळी महत्त्वाची कागदपत्रं एकाच ठिकाणी ठेवू नयेत. म्हणून खबरदारी म्हणून एक कार्ड वेगळं ठेवलं होतं. माझं. दाना ओलीत, कपाटात, कुलपाच्या आत. घरातून तर मी इटाव्याला निघालो होतो ना!

"आधार है," मी पुटपुटलो.

साहेबांनी वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "आधार नहीं चलता, सर. आपको तो पता होगा." त्यांची नजर पहिल्या पानावरच्या माझ्या लाल शाईवर होती.

केतकी रडवेली झाली. शुभा म्हणाली, "थांबू आपण. शेजाऱ्यांकडे किल्ली आहे, कार्ड मागवू. दोनतीन दिवसांत येईल."

दोनतीन दिवसांत शुक्रवार उजाडणार होता. मी आईकडे बघितलं. ती गाडीला टेकून उभी होती, उत्तरेला तोंड करून, हाताची सावली डोळ्यावर धरून, जणू तिथूनच काही दिसतंय का बघत होती. तिथून काही दिसत नाही. तिथून फक्त ट्रक दिसतात.

"तुम्ही निघा," मी म्हणालो.

"अहो, पण..."

"आत्ता निघा. शुभा, तू गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतेस, हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं कबूल करतोय. बुटवलनंतर चढ सुरू होतो. तानसेनला जेवा. हिरव्या वळणांवर सावकाश. फाइल केतकीच्या मांडीवर."

घरच्या लोकांनी माझ्या तोंडून 'आत्ता निघा' हे शब्द आयुष्यात ऐकले नव्हते. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या साहेबांना स्वच्छ हिंदीत सांगितलं, "कोई बात नहीं. इसे हम प्रस्थान समझकर यहीं रख जाते हैं." साहेब इतके हसले, की मागची रांगही हसायला लागली. गाडी कमानीखालून गेली. मी हात हलवत उभा राहिलो. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

दिवसभर मी लॉजच्या खाटेवर बसून गाडी चालवली. दर अर्ध्या तासाला फोन.

"बाबा, आता एक मोठा पूल आला!"

"त्यानंतर डावीकडे वळण, मग देऊळ."

"आलं! बाबा, आपको कैसे पता?"

कसं पता! अकरा वर्षं त्याच रस्त्यावर होतो मी. संध्याकाळी त्या पोखऱ्याला पोचल्या आणि मला चढावर गाडी चालवल्यासारखी पाठदुखी सुरू झाली.

बुधवारी पहाटे फोन वाजला. खोलीत रेंज नव्हती म्हणून मी चादर गुंडाळून तसाच गच्चीवर पळालो. खाली सगळीकडे धुकं होतं. फोनवर आई होती.

"विनू, दिसला रे."

"स्पष्ट?"

"अगदी. आधी काळा होता. मग टोकाला थोडं तांबडं आलं, मग ते खाली खाली उतरत आलं. ते माशाच्या शेपटीचं शिखर आहे ना, ते मध्ये नाही, जरा उजवीकडे आहे. आणि विनू, मी इतकी वर्षं फार लहान काढत होते रे. केवढा मोठा आहे तो! मान वर करावी लागते. मी मुलींना कधी सांगितलंच नाही की मान वर करावी लागते." मग ती थांबली. मागे शुभाचा आवाज येत होता, आई, शाल घ्या, शाल. आई म्हणाली, "थांब ग. विनू, बाकीचं मग सांगते. आता मला बघू दे."

फोन बंद झाला. मी चादर तोंडाला लावून हमसून हमसून रडलो. नकाशे काढणाऱ्या, बावन्न वर्षांच्या, सरकारी माणसाने जसं रडू नये तसं. लॉजचे मालक गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. ते तांब्या ठेवून घाईने जवळ आले.

"क्या हुआ भाईसाहब? घर में सब ठीक? कोई गुज़र गया क्या?"

"नहीं," मी डोळे पुसत म्हणालो. "माँ को हिमालय दिख गया."

"अरे वाह! ये तो खुशी की बात है! किधर?"

"उधर!" मी म्हणालो, आणि अकरा वर्षांच्या अभ्यासाच्या जोरावर, अभिमानाने, हात ताठ करून धुक्यात बोट दाखवलं.

त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझा खांदा धरून मला हळूच उलट्या दिशेला फिरवलं.

"भाईसाहब, उधर तो गोरखपुर है."